थीम पार्कमधली कपात आणि त्यानंतरचे कागद : माझा अनुभव

पुण्याबाहेरच्या एका मोठ्या थीम पार्क-रिसॉर्टमध्ये मी राइड ऑपरेशन्सला होतो. उन्हाळी सुट्टीची गर्दी ओसरल्यावर कपात झाली. राइड, वॉटर पार्क, किचन, हाउसकीपिंग, तिकीट खिडकी, सगळीकडून माणसे कमी केली. खाली लिहितो आहे ते सगळे कागदांचे आणि हिशोबाचे आहे, कारण अशा वेळी पैसे बुडतात ते बहुतेक पहिल्या दोन दिवसांत आणि एकाच सहीमुळे.

ती सही राजीनाम्याची. एचआरच्या टेबलावर दोन कागद असतात. एक कपातीचे पत्र, दुसरा आधीच छापून ठेवलेला राजीनामा. ‘राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, पुढे नोकरी मिळायला बरे’ असे समजुतीच्या सुरात सांगतात. राजीनाम्यावर सही केली की छाटणीची भरपाई जाते, नोटिशीचा पगार जातो, वर नोटीस पाळली नाही म्हणून कंपनीच पैसे कापू शकते. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) बेकारी भत्त्याचा दावा टिकत नाही आणि पीएफवरच्या कराचा प्रश्नही अवघड होतो. अनुभवपत्राची भीती घालतात तीही पोकळ आहे. हुद्दा आणि कधीपासून कधीपर्यंत काम केले एवढेच असलेले अनुभवपत्र मागता येते, त्यात सोडण्याचे कारण लिहिलेच पाहिजे असे नाही. म्हणून हातात पत्र मागायचे, त्यात कारण आणि तारीख पाहायची, आणि पोच देताना सहीखाली ‘फक्त मिळाल्याची पोच, हक्क अबाधित’ असे लिहायचे. तारीखही आपल्याच हाताने टाकायची.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत एचआर पोर्टलचे लॉगिन बंद होते. त्याआधी सगळ्या पगारपत्रकांच्या पीडीएफ, फॉर्म १६, बारा महिन्यांची हजेरी आणि शिल्लक रजांच्या पानाचा स्क्रीनशॉट उतरवून घ्यायचा. शनिवार-रविवारी केलेल्या कामाचे कॉम्प-ऑफ (बदली सुट्ट्या) तर सिस्टिममधून सर्वांत आधी गायब होतात. राइडवरच्या मुलांनी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि लाइफगार्डांनी आपले सर्टिफिकेट मूळ प्रतीत परत मागावे. ती बऱ्याचदा विभागाच्या फायलीत पडून असतात आणि दुसऱ्या पार्कात किंवा हॉटेलच्या पूलवर पहिल्यांदा तीच विचारतात. युनिफॉर्म, ओळखपत्र, लॉकरची किल्ली, वॉकीटॉकी आणि त्याची बॅटरी परत करताना ‘नो ड्यूज’च्या (काही देणे बाकी नाही अशा) कागदावर प्रत्येक विभागाची सही घ्यायची आणि मोबाइलवर फोटो काढायचा. वॉकीटॉकी जमा करूनही तिचे पैसे हिशोबात कापलेले मी पाहिले आहेत.

मग प्रश्न येतो की कायद्याचे संरक्षण कोणाला. आमची कपात औद्योगिक विवाद कायदा, १९४७ लागू असतानाची (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिचे शेवटी सांगतो). त्यात हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम महत्त्वाचे. राइड चालवणारा, स्टुअर्ड, तिकीट क्लार्क, माळी हे कामगारच. पार्कमध्ये मात्र ‘टीम लीडर’, ‘असिस्टंट मॅनेजर’ अशी पाटी सहज लावतात आणि पुढे तीच दाखवून ‘तुम्ही कामगार नाही’ म्हणतात. रजा मंजूर करण्याचा, कोणाला ठेवण्याचा किंवा काढण्याचा अधिकार नसेल आणि दिवसभर कंट्रोल पॅनेलवरच उभे राहावे लागत असेल, तर रोस्टर आणि राइडच्या रोजच्या नोंदी जपून ठेवायच्या. वादात पाटीपेक्षा त्या जास्त बोलतात.

एक वर्षाची सलग सेवा म्हणजे आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस. त्यात पगारी सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्ट्याही धरतात. नुसते पंचिंगचे दिवस मोजून ‘तुमचे २२० च भरतात’ असे सांगितले, तर त्यात हे दिवस मिळवून पुन्हा मोजायला लावा. हंगामी मुलांची अडचण वेगळी असते. ठरावीक मुदतीचा करार संपला आणि नवा केला नाही, तर कायद्याने ती छाटणी धरत नाहीत. एजन्सीमार्फत असणाऱ्यांनी आधी एजन्सीकडे मागावे. तिने पगार थकवला तर तेव्हाच्या कंत्राटी कामगार कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे पार्कवर, तो देण्याची जबाबदारी येत असे.

आता हिशोब, कारण सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. महिनेवारी पगार असेल तर शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांची सरासरी. एक उदाहरण घेऊ. एकूण पगार २०,८०० रुपये, त्यात मूळ आणि महागाई भत्ता मिळून १३,०००, सेवा ६ वर्षे ८ महिने, म्हणजे ७ वर्षे. भरपाईसाठी १५ दिवसांचा पगार म्हणजे अर्धा महिना, १०,४००. सात वर्षांचे ७२,८००. ग्रॅच्युइटीचे (दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेचे) सूत्र वेगळे: मूळ अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. १३,००० चे ७,५०० होतात, सात वर्षांचे ५२,५००. कंपनीच्या हिशोबनीसाने दोन्हींना ग्रॅच्युइटीचेच सूत्र लावले, की भरपाईही ५२,५०० दिसते आणि २०,३०० रुपये गुपचूप कमी होतात. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले, तर इथेच शंका घ्यायची. जुन्या कायद्यात भरपाईच्या पगारात भत्ते येतात, कंपनीने दिलेल्या खोलीचे मूल्यही येते. स्टाफ क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांनी हे नक्की मागावे, आणि खोली रिकामी करण्याची तारीख लेखी घ्यावी.

भरपाई कामावरून काढताना, त्याच वेळी द्यायची असते. ‘तीन महिन्यांनी फुल अँड फायनलमध्ये (शेवटच्या हिशोबात) येईल’ हे नियमात बसत नाही. ग्रॅच्युइटीला मात्र ३० दिवस असतात, त्यापुढे व्याज. साधारण पाच वर्षांची सेवा लागते, आणि कंपनी स्वतःहून देईल म्हणून न थांबता अर्ज (आमच्या वेळी फॉर्म ‘आय’) भरून द्यावा. उरलेल्या रजांचे पैसे, दुप्पट दराने ओव्हरटाइम आणि पगार मर्यादेत असेल तर त्या वर्षाचा बोनस या तीन ओळी हिशोबाच्या कागदावर वेगळ्या दिसल्या पाहिजेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २० दिवसांच्या कामामागे एक रजा मिळते आणि ४५ पर्यंत साठते.

व्हॉट्सअॅपवर अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या डिस्ने पार्कमधल्या कपातीच्या बातम्या फिरत होत्या आणि ‘तिकडे साठ दिवसांची नोटीस, आपल्याला का नाही’ असे मुले विचारत होती. २०२० च्या सप्टेंबरात डिस्नेने अमेरिकेतल्या पार्क विभागातून २८,००० जण कमी करण्याचे जाहीर केले होते. तिकडच्या १९८८ च्या कायद्याने मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची सूचना लागते हे खरे, पण सेवेच्या वर्षांमागे भरपाई तो कायदा देत नाही. ती कंपनीच्या किंवा युनियनच्या करारावर असते. आपल्याकडे नोटीस लहान, पण वर्षांचा हिशोब कायद्यातच आहे. आणि आपल्याकडची तीन महिन्यांची नोटीस व सरकारी परवानगी हे कलम कारखाने, खाणी, मळे यांच्यासाठी होते. पार्कला ते लावून भांडण्यात वेळ जातो.

ईएसआयसाठी बिबवेवाडीच्या पंचदीप भवनात जावे लागते. पगार २१,००० पर्यंत असेल तरच हा मार्ग. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत छाटणी झालेल्याला २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो, पहिल्या वर्षी सरासरी पगाराच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के, आणि त्या काळात उपचारही चालू राहतात. छाटणीचे पत्र नसेल तर हा दावा उभाच राहत नाही. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, आयुष्यात एकदा ९० दिवसांपर्यंत ५० टक्के. ती मुदतवाढीवर चालते, म्हणून त्या दिवशी चालू आहे का हे खिडकीवर आधी विचारावे. काउंटरवरचा माणूस बहुधा छोटीच योजना सांगतो. मोठीचे नाव आपणच घ्यायचे.

पीएफसाठी गोळीबार मैदानाचे कार्यालय की आकुर्डीचे, हे आपल्या घरावर नाही, आस्थापनेच्या पीएफ कोडवर ठरते, आणि तो पासबुकवर छापलेला असतो. जाण्याआधी यूएएनला (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाला) कोणता मोबाइल जोडला आहे ते पाहा. कंपनीचे सिम असेल तर ते परत करण्याआधी नंबर बदला, नाहीतर ओटीपी कोणाच्या खिशात जाईल सांगता येत नाही. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपणच भरू शकतो. फॉर्म १९ पीएफचा आणि १०सी पेन्शनचा, दोन्ही वेगळे. दहा वर्षे झाली असतील तर पेन्शनची रक्कम काढता येत नाही, स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनची वर्षे नोंदवणारा दाखला) घ्यायचे. कमी असतील तरी दुसरी नोकरी दिसत असेल तर तेच घ्यावे, वर्षे जोडली जातात. सेवेची पाच वर्षे होण्याआत पीएफचे ५०,००० किंवा अधिक काढले तर १० टक्के टीडीएस कापतात. धंदा आटल्यामुळे कामावरून काढले असेल तर ती रक्कम करमुक्त ठरते, त्यामुळे पत्र विवरणपत्राच्या कागदांबरोबर ठेवावे. आमच्या वेळी नोकरी सुटल्यावर महिन्याने पीएफचे ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले, असा नियम होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने तो बदलून शेवटच्या २५ टक्क्यांसाठी बारा महिने थांबण्याचे ठरवले. अर्ज टाकताना चालू नियम पाहून घ्या.

हिशोब चुकला किंवा पैसे आलेच नाहीत तर शिवाजीनगरला मुंबई-पुणे रस्त्यावरच्या कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक. सोबत नेमणूकपत्र, शेवटची तीन पगारपत्रके, कपातीचे पत्र, बँकेचा उतारा आणि वर केला तसा एका पानाचा हिशोब. एका पानाचाच, कारण समेट अधिकाऱ्यासमोर (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) सुनावणीत कोणी गठ्ठे उलगडत बसत नाही. कंपनीचा प्रतिनिधी तारीख मागत राहतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट कामगार न्यायालयात जाता येत असे, मुदत कामावरून काढल्यापासून तीन वर्षे. एकाच विभागातले दहा-बारा जण एकत्र गेले तर फायदा होतो, कारण मग ज्येष्ठतायादी मागता येते. शेवटी आलेला आधी जातो असा नियम आहे आणि ती यादी कपातीच्या किमान सात दिवस आधी बोर्डावर लावावी लागते. आमच्याकडे बोर्डावर मेन्यू होता, यादी नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ नंतर कपात झालेल्यांनी औद्योगिक संबंध संहिता वाचावी. १५ दिवसांचे सूत्र तेच आहे, पण ‘वेतना’तून घरभाडे, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम वगळले आहेत. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीचा भाग परत वेतनात धरतात. म्हणून वरच्या उदाहरणातले १०,४०० जसेच्या तसे मागू नका. पर्यवेक्षकाला कामगार धरण्याची पगारमर्यादा १०,००० वरून १८,००० झाली, वाद मांडण्याची मुदत दोन वर्षांवर आली, आणि पुनर्कौशल्य निधीतून (नवे काम शिकता यावे म्हणून मालकाने भरायच्या निधीतून) आणखी १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत खात्यात येण्याची तरतूद आहे. हे शेवटचे कंपनी स्वतःहून सांगेलच असे नाही.

दिवाळीच्या आधी पार्क पुन्हा भरती काढतो. छाटणी झालेल्यांना त्या जागांवर पहिला हक्क असतो, पण पत्र जाते ते कंपनीच्या नोंदीतल्या पत्त्यावर. भाड्याची खोली सोडून गावी गेला असाल तर नवा पत्ता एचआरला रजिस्टर्ड पोस्टाने कळवून पावती ठेवा.