अर्धा ठेका मागे

मोर्चात मी नेहमी अर्धा ठेका मागे असते. पुढून घोषणेची पहिली ओळ येते, आजूबाजूचे सगळे दुसरी ओळ ओरडून मोकळे होतात आणि माझा आवाज घशातून बाहेर पडेपर्यंत शांतता झालेली असते. त्या शांततेत माझं एकटीचं बारीकसं ‘पाहिजे’ ऐकू जातं. शेजारची बाई मायेने हसते. ती मायाच जास्त लागते.

आजवर तीन मोर्चांना गेले आणि तिन्ही वेळा पुढचे दोन दिवस झोपून काढले. मागण्या रास्त होत्या, माणसं चांगली होती. गर्दीतून आले की मी निथळून निघालेली असते, एवढंच. ज्यांना जुनाट दुखणं आहे किंवा ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांच्यापुढे तर आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. त्यांची दिवसभराची ताकद दुपारीच सरते. मग अशांनी मत टाकून यायचं आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत नुसतं चिडत बसायचं?

या प्रश्नाशी आले की मला ग्रेगरी वॉटसन आठवतो. 1982 साली टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या या मुलाला निबंधासाठी विषय शोधताना एक धूळ खात पडलेली घटनादुरुस्ती सापडली. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ती 1789 साली राज्यांकडे मंजुरीसाठी पाठवली होती. काँग्रेसच्या सदस्यांनी स्वतःचा पगार बदलला, तर मधे एक निवडणूक झाल्याशिवाय तो लागू होऊ नये, एवढीच तिची मागणी. मंजुरीला मुदत घातलेली नव्हती, म्हणून ती अजून जिवंत आहे, असं वॉटसनने लिहिलं. निबंधाला ‘सी’ मिळाला. मी असते तर रुसून विषय सोडला असता. हा पठ्ठ्या राज्याराज्यांतल्या लोकप्रतिनिधींना पत्रं लिहीत बसला. 1983 साली मेन राज्याने मंजुरी दिली, 1984 साली कोलोरॅडोने, मग एकेक करत बाकीची आली. मे 1992 मध्ये लागणारा आकडा पुरा झाला आणि ती घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती ठरली. प्रस्तावाला तेव्हा 202 वर्षं झाली होती. पुढे 2017 साली विद्यापीठाने त्याचा ‘सी’ खोडून ‘ए’ केला, हे वाचून मला माझाच निकाल लागल्यासारखं वाटलं.

पगार कधीपासून लागू व्हावा, यासाठी रस्त्यावर कोण उतरणार? घोषणेत बसेल असं त्यात काहीच नाही. तिथे दहा वर्षं न कंटाळता पाकिटांवर पत्ते घालणारा माणूस हवा होता.

पत्राची ताकद मला खऱ्या अर्थाने कळली ती ॲम्नेस्टी या मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेमुळे. 28 मे 1961 रोजी पीटर बेनेन्सन या वकिलाने ‘ऑब्झर्व्हर’ वृत्तपत्रात विस्मरणात गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला आणि त्यातून पुढे ही संघटना उभी राहिली. कुठल्यातरी देशात स्वतःच्या विचारांपायी तुरुंगात पडलेल्या माणसासाठी भलत्याच देशातल्या अनोळखी लोकांनी तिथल्या सरकारला पत्रं लिहायची, ही त्यांची जुनी रीत. पत्रातली भाषा सभ्य, मजकूर साधा. पण या कैद्याचं नाव बाहेर कोणालातरी ठाऊक आहे आणि कोणीतरी दिवस मोजतंय, हे टपालाच्या गठ्ठ्यावरून तिथल्या अधिकाऱ्याला कळतं. ओरडून हे इतकं स्पष्ट सांगता आलं नसतं.

गाजलेल्या लढ्यांतही अशी बैठी कामं भरपूर असतात. 1 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर बसवर बहिष्कार घाला असं सांगणारी हजारो पत्रकं काढली. तो बसबहिष्कार पुढे 381 दिवस चालला. मला मात्र ती रात्रच दिसत राहते. शाईचा वास, एका कागदावर अनेक प्रती, मग त्या कापायच्या, मोजायच्या, गठ्ठे बांधायचे. हे काम मला जमलं असतं.

आमच्या छोट्या गटात माझ्याकडे इतिवृत्त आहे. बाकीचे तावातावाने बोलतात, मी कोपऱ्यात बसून कोणी काय करायचं कबूल केलं आणि कधीपर्यंत, तेवढं टिपते. पुढच्या बैठकीत ते हळू आवाजात वाचून दाखवते. सर्वांत मोठ्याने बोलणारे गृहस्थ त्या वेळी चष्मा पुसायला घेतात.

आता एक कबुली. ‘मी शांतपणे काम करते’ ही सबब म्हणूनही फार सोयीची आहे. आलेला संदेश पुढे ढकलला की कर्तव्य केल्यासारखं वाटतं. मला तर त्या समाधानावर झोपसुद्धा छान लागते. म्हणून मी स्वतःला एक साधी अट घातली आहे: विषय एकच, आणि महिन्याला एक पत्र. ताकद नसेल त्या महिन्यात चार ओळींचं. एखाद्या नियमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला, तर तो वाचायचा आणि नेमक्या कलमावर बोट ठेवायचं. मसुदे वाचणं कंटाळवाणं असतं हे खरं, पण गर्दीपेक्षा कंटाळा मला कधीही परवडतो.

गेल्या आठवड्यात एका पत्राला उत्तर आलं. दोन ओळी: आपले पत्र मिळाले, पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे. खाली सही, आणि कोपऱ्यात जावक क्रमांक. मी तो क्रमांक वहीत उतरवला, नवा कागद घेतला आणि वर डावीकडे लिहिलं, ‘संदर्भ:’