उघडी तार म्हणजे पूर्ण उजेड

गणपतीचे पाच दिवस गावी काढून डोंबिवलीला परतलो. दार उघडलं तर अख्खा हॉल निळाशार. घड्याळात रात्रीचे साडेअकरा. माझ्या समुद्री टाकीचा लाइट रात्री साडेआठला मावळतो, म्हणजे मावळायला हवा होता. माशांना खायला घालायला शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली होती. त्या म्हणाल्या, "अरे, पहिल्या दिवशी अंधार होता. दुसऱ्या दिवसापासून चालूच आहे. मला वाटलं, माशांसाठी ठेवलायस."

टाकी दोन फुटी, सव्वाशे लिटरची. आत क्लाउनफिशची जोडी, एक लेदर कोरल, काही मशरूम आणि झोआंचा एक दगड, हे तिन्ही प्रवाळाच्या जातकुळीतले मऊ जीव. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. मऊ प्रवाळाला उजेडही तितका प्रखर लागत नाही. तरी टी५ ट्यूबा (बारीक ट्यूबलाइट) दर वर्षी बदलायचा कंटाळा आला होता आणि बाहेरून येणाऱ्या तयार एलईडी लाइटचा भाव ४५ हजार सांगितला गेला. मग लाइट घरीच बनवायचा ठरवून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, चार खेपा केल्या.

आखणी साधी होती. ३ वॅटचे २४ एलईडी, प्रत्येक चांदणीच्या आकाराच्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर बसवलेला. एका माळेत १२ रॉयल ब्ल्यू, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे. प्रवाळाच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला अन्न पुरवतं आणि त्या शेवाळाला हा निळा फार मानवतो. दुसऱ्या माळेत ८ पांढरे, ४ जांभळे. एलईडीला व्होल्टेज नव्हे, करंट बांधून द्यावा लागतो, म्हणून दर माळेला मीनवेलचा एलडीडी-७००एच ड्रायव्हर, ७०० मिलिअँपिअरचा. बारा एलईडी ओळीत जोडले की साधारण ४० व्होल्ट होतात आणि ड्रायव्हरला स्वतःसाठी वर तीनेक व्होल्ट लागतात, म्हणून पॉवर सप्लाय ४८ व्होल्टचा. सूर्य उगवायला आणि मावळायला, म्हणजे उजेड वेळेवर कमी-जास्त करायला, आर्डुइनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड.

खरं काम निघालं ते हीटसिंकचं. एवढ्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णताच होते आणि ती बाहेर काढली नाही तर एलईडी लवकर म्हातारे होतात. पात्यापात्यांची ॲल्युमिनियमची पट्टी किलोवर तोलून आणली. तिला ४८ भोकं, २.५ मिलिमीटरच्या ड्रिलने, आणि प्रत्येकात एम३ स्क्रूचे आटे पाडायला टॅप. बाबांची अख्खी नोकरी वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे हे खातं आपोआप त्यांच्याकडे गेलं. चहाच्या बशीत थोडं रॉकेल. टॅप त्यात बुडवायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस झटकायचा, पुन्हा बुडवायचा. आवाजावरून त्यांना कळायचं की टॅप कुठे अडतोय. मला नाही कळायचं. एकतिसाव्या भोकात मी घाई केली आणि टॅप कटकन मोडला. तो तुकडा आजही आतच आहे. तिथला एलईडी एकाच स्क्रूवर बसलाय. बाबा काही बोलले नाहीत, फक्त टॅपचं हँडल माझ्या हातातून काढून घेतलं.

माझं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरेना. धातूची चांदणी सगळी उष्णता पिऊन टाकते आणि सोल्डर मण्यासारखं वर बसतं, चिकटत नाही. ६० वॅटचं आणलं, चांदण्या हीटसिंकवर बसवण्याआधीच सगळ्या पॅडना टिन मारून (सोल्डरचा पातळ थर देऊन) घेतलं, मग काम सरकलं. पांढरी माळ पहिल्याच फटक्यात लागली. निळी लागेना. मल्टिमीटर डायोडवर ठेवून एकेक एलईडी तपासला. माझ्या मीटरवर चांगला एलईडी काजव्याएवढा पेटतो. नववा पेटला नाही, प्रोब उलटे लावले तेव्हा पेटला. प्लस-मायनस उलटं जोडलं होतं. एक उलटा की अख्खी माळ अंधारात.

लाइट टाकीवर चढवला. उजेड मोजायचा पार मीटर भाड्यानेही परवडेना, म्हणून २० टक्क्यांवर सुरू करून दर आठवड्याला पाच टक्के वाढवत गेलो. मशरूम आक्रसले तर थांबायचं, पसरले तर पुढे जायचं. ५० टक्क्यांवर मुक्काम केला. सगळं मिळून ११ हजारांच्या आत बसलं होतं आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून दाखवत होतो.

एक गोष्ट मात्र खटकायला हवी होती. वीज जाऊन आली की लाइट सेकंदभर भक्कन पूर्ण पेटायचा आणि मग जागेवर यायचा. मासे दगडामागे पळायचे. आर्डुइनो जागा होताना असं होतंच, म्हणून मी सोडून दिलं.

त्या रात्री झाकण उघडलं. निळ्या माळेच्या ड्रायव्हरकडे जाणारी जंपर वायर (नुसती खोचायची तार) जागेवर दिसत होती, पण बोट लावताच हातात आली. पिनेवर हिरवट गंज. टाकीतून उडणाऱ्या बारीक तुषारांचं मीठ साचलं होतं. ॲक्रिलिकचं संरक्षक झाकण मी 'नंतर लावू' म्हणून ठेवून दिलं होतं. आता ड्रायव्हरची डेटाशीट नीट वाचली. उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिम पिनेवर ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर बंद. २.५च्या वर असेल, किंवा पिन मोकळी असेल, तर चालू. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की तार तुटली की दिवा विझतो. इथे तार तुटली की दिवा पूर्ण पेटतो. वीज आल्यावरचा तो भक्क उजेड हेच सांगत होता. जागा होईपर्यंत आर्डुइनोची पिन मोकळीच असते.

चार रात्री आणि चार दिवस निळी माळ १०० टक्क्यांवर होती. काचेवर हिरवा थर, लेदर कोरल मुठीसारखा मिटलेला, मशरूम कागदासारखे फिकट, झोआंच्या दगडाची एक बाजू पांढरी. अति उजेडात प्रवाळ आपलंच शेवाळ बाहेर टाकतं आणि मग उपाशी राहतं. लाइट १५ टक्के, तोही सहाच तास, आणि पाणी थोडं थोडं बदलत राहिलो.

दुरुस्ती दोन रुपयांत झाली. दोन्ही ड्रायव्हरच्या डिम पिन आणि ग्राउंडमध्ये एक-एक किलोओहमचा रेझिस्टर, ड्रायव्हरच्याच बाजूला, म्हणजे तार निघाली तरी तो तिथेच राहील आणि पिनेला शून्याकडे ओढून धरेल. जंपर फेकून वायरी सरळ सोल्डर केल्या. ॲक्रिलिकही लावलं. मग एक वायर मुद्दाम सोडवून पाहिली. अंधार. तीन वेळा सोडवली, तिन्ही वेळा अंधार.

लेदर दीड महिन्याने उघडला. दोन मशरूम गेले. झोआंची चाळीसेक तोंडं होती, त्यातली अकरा उरली. काल मोजली तर सव्वीस भरली. दिवाळीला किल्ली घेताना काकूंनी विचारलं, "या वेळी रात्री लाइट असला तर फोन करू ना?"