तोच मी

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा मेसमध्ये शेजारच्याने गाव विचारलं. "निपाणी," म्हटलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला, मान जराशी वाकडी केली आणि विचारलं, "तंबाखूचे व्यापारी का?" पुढची अकरा वर्षं हेच. घरमालक, बॉस, केस कापणारा, सगळ्यांचं तेच. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' नाटकातला, लग्नं करून बायकांना फसवणारा लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी ना! मुलगी बघायला गेलो तर सासरेबुवा (तेव्हा व्हायचे होते) पोह्यांची बशी पुढे करत म्हणाले, "लखोबाच्या गावचे म्हणजे आधीचं एखादं लग्नबिग्न नाही ना?" बैठकीतले सगळे हसले. मीही हसलो. मुलगी मात्र माझ्याकडे जरा निरखून बघत होती.

आता आमची खरोखरच तंबाखूची वखार होती, याला मी काय करणार? वखारीत पाय टाकला की आधी दोन शिंका, मग राम राम. आजोबांना आम्ही आण्णा म्हणायचो. चिमूटभर तंबाखू ते तळहातावर घेत, अंगठ्याने चोळत, नाकापाशी नेत आणि डोळे मिटत. समोरचा शेतकरी श्वास रोखून उभा. भाव फुटायचा तो डोळे उघडल्यावर.

हेच आण्णा कोल्हापूरला जाऊन 'तो मी नव्हेच' बघून आले. पणशीकरांचा लखोबा, गरागरा फिरणारा रंगमंच, एकाच नटाची पाच सोंगं. आजी उत्साहाने सांगत होती, आण्णा गप्प. शेवटी म्हणाले, "माणूस झकास हाय. पर त्येच्या हाताला तंबाखूचा वास न्हाई यायचा." एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्यावर केलेली ही टीका माझ्या मते त्या नाटकाची सर्वात कडक समीक्षा आहे.

अत्र्यांवर आमच्या गावाने रागवावं की काय करावं, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही. माणूस मुळात टर उडवणारा. केशवकुमार नावाने 1925 साली 'झेंडूची फुले' काढून कवींची फिरकी घेतली. 1933 मध्ये 'साष्टांग नमस्कार' लिहून सूर्यनमस्कारांपासून सगळ्या खुळांना रंगमंचावर आडवं घातलं. मग 'लग्नाची बेडी', पुढे 'मोरूची मावशी'. बोलायला लागले की दहा हजार वर्षांच्या खाली यायचेच नाहीत. आणि हाच माणूस संयुक्त महाराष्ट्रासाठी सभा गाजवत आणि 'मराठा'त अग्रलेखांमागून अग्रलेख लिहीत होता. 'बेळगाव, कारवार, निपाणीसह' ही घोषणा आमच्या घरच्या म्हाताऱ्यांनीही घसा बसेपर्यंत दिलेली. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, आम्ही राहिलो इकडेच, आताच्या कर्नाटकात. आणि दोन वर्षांत, 1962 च्या ऑक्टोबरात, निपाणी रंगमंचावर गेली ती आरोपीच्या पिंजऱ्यातून. गाव महाराष्ट्रात नेता आलं नाही, लखोबाला मात्र महाराष्ट्राच्या घराघरात नेलं. वरून पहिला प्रयोग दिल्लीत!

पण एकदा नाटक नीट वाचायला बसलो आणि राग गेला. लखोबा कोर्टात काय म्हणतो? बायकांना फसवणारा तो दिवाकर दातार मी नव्हेच, मी आपला निपाणीचा तंबाखूचा साधा व्यापारी. म्हणजे निपाणी हा त्याचा गुन्हा नाही, निपाणी ही त्याची ढाल आहे. स्वतःचं वकीलपत्र स्वतःच घेऊन तो साक्षीदारांना उलटंपालटं करतो आणि पडलं उठलं की या गावच्या भोळेपणामागे जाऊन लपतो. खोटं बोलायला निघालेल्या माणसालाही विश्वास बसावा म्हणून आमच्याच गावचं नाव सांगावं लागलं, असं मी आण्णांना सांगितलं असतं. ते तोवर राहिले नव्हते.

राहिले होते ते त्यांचे उतारे. गेल्या वर्षी वारसा लावायला गेलो तेव्हा कळलं, आण्णांचं नाव मराठीतून कानडीत गेलं, कानडीतून संगणकात गेलं आणि बाहेर आला तो निराळाच गृहस्थ. आडनावातला एक काना गेलेला, बापाच्या नावाला एक जोडाक्षर जास्त. माझंही तेच. शाळेच्या दाखल्यावर एक मी, आधार कार्डावर दुसरा, उताऱ्यावर तिसरा. पाच सोंगांना दोनच कमी. कचेरीतला कारकून म्हणाला, हे सगळे एकच आहेत असं ॲफिडेव्हिट आणा.

नोटरी चिकोडीकडचे, वयस्कर, कानडी. स्टॅम्पवरचा मजकूर त्यांनी बोट ठेवून वाचला. चष्मा कपाळावर ढकलून मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "हे तिगंबी तुमीच?"

"होय. तोच मी."

"गाव?"

"निपाणी."

"निप्पाणी," त्यांनी सवयीने एक प वाढवला. शिक्का शाईत दाबला आणि तसाच वर धरून ठेवला. माझ्याकडे बघताना मिशीखाली काहीतरी हललं.

"लखोबा लोखंडे?"