तळाशीलच्या लाटांपलीकडे

बडोद्याच्या माणसाला समुद्र म्हटलं की आधी कावी-कंबोई आठवतं. भरतीला स्तंभेश्वर महादेव पाण्याखाली जातो, ओहोटीला पुन्हा वर येतो. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला तिथे हमखास घेऊन जातो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्याही वर जातो. पाणी गढूळ, किनाऱ्याला गुडघाभर चिखल, आणि एकदा ओहोटी लागली की समुद्र नजरेआड होतो. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी, घेऊन उतरायची ती जागा नव्हे. गावातल्या पाण्याचं विचाराल तर विश्वामित्रीत मगरी आहेत, आजव्याच्या तलावातही आहेत. त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या जिन्याखाली ठेवलेली 11 फुटी कयाक मी वर्षातून एक-दोनदा गाडीच्या टपावर बांधतो आणि सुमारे 900 किलोमीटर खाली मालवणजवळच्या तळाशीलकडे मासेमारीला निघतो.

या खेपेला जाताना मनात जरा धाकधूक होती. मागच्या वर्षी परत येताना, किनारा अगदी वीस पावलांवर असताना माझी कयाक उलटली होती. पाणी कमरेएवढंच होतं, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. पण मी उठून उभा राहिलो तो कयाक आणि किनारा यांच्या मधोमध. पुढच्या लाटेने अख्खी कयाक उचलून माझ्या गुडघ्यावर आणून आदळली. मासेमारीच्या दोन रॉडपैकी एक मोडला, आणि सुट्या राहिलेल्या आमिषाचा तिहेरी गळ तळहातात रुतला. महिनाभर लंगडत होतो. चूक कुठे झाली हे तेव्हाच कळलं होतं, पण चूक कळणं वेगळं आणि ऐन वेळी हातापायांनी ती टाळणं वेगळं.

म्हणून यंदा दिवाळीनंतर आतेभावाला सोबत घेऊन सराव केला. ओळखीने एका पोहण्याच्या तलावात, गर्दी नसताना, कयाक उतरवायची परवानगी मिळाली. तिथे महिनाभर एकच गोष्ट घोटली: कयाक उलटवायची, पालथीच्या पलीकडची कड धरून ती आपल्याकडे ओढून सुलटी करायची, मग पाय मागे पाण्यावर तरंगते ठेवून आडव्या अंगाने पोटावर वर चढायचं, आणि वळून बसायचं. पोटावर, मग कुल्ल्यावर, मग पाय आत, हाच क्रम. पहिल्या दिवशी मला चार मिनिटं लागली. लाइफ जॅकेट पोटाशी फुगून आडवं येतं, हे त्या दिवशी लक्षात आलं आणि पट्टे नीट आवळायची सवय लागली. महिनाअखेर अर्ध्या मिनिटात वर येऊ लागलो. ज्याला हे जमत नाही त्याने समुद्रात कयाक घालू नये, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. तलावात उलटी झालेली कयाक आपली वाट बघत तिथेच थांबते, वाऱ्यात ती आपल्या पोहण्यापेक्षा वेगाने निघून जाते.

रस्त्याचं फार सांगत नाही. पहाटे चारला बडोदं सोडलं, पनवेलला मावशीकडे मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी मुंबई-गोवा रस्त्याने उतरलो. दर दोन तासांनी गाडी थांबवून टपावरचे पट्टे चाचपायचे, एवढंच काम होतं.

तळाशील मला आवडतं ते त्याच्या ठेवणीमुळे. तोंडवळीपासून खाली येत येत जमीन चिंचोळी होत जाते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये माड आणि घरं. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर पायी जाता येतं. समुद्राने नाही म्हटलं तर खाडी हो म्हणते, ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. पोचलो त्या संध्याकाळी रापण ओढणं चाललं होतं. आम्हीही दोराला हात लावला. जाळं वर आल्यावर त्यांच्यातल्या एका वृद्ध काकांना मी विचारलं, उद्या सकाळी उतरायचं म्हणतोय, कसं वाटतं? ते म्हणाले, "घाय कित्याक, झिला? दर्यो खंय पळान जाणा नाय." मग तिथी कोणती ते त्यांनीच मोजलं. पौष वद्य पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमाराला भरती आणि दहाच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेचं उधाण ओसरलेलं, पाणी भांगाकडे, म्हणजे कमी चढउताराकडे चाललेलं. सातला उतरायचं आणि दहाच्या आत परत यायचं, असं ठरलं.

ही वेळ मला हवी तशीच होती. या किनाऱ्यावर पूर्ण भरतीला पाणी वरच्या चढ्या वाळूला येऊन भिडतं, आणि तिथे लाट उभीच्या उभी येऊन धाडकन आपटते. अशा लाटेतून कयाक काढू नये. पाणी खाली गेलं की सपाट वाळू उघडी पडते, लाट लांबवर फुटते आणि फेसाचा लोळ होऊन हळूहळू मरत येते. लाटेची उंची तीच असते, पण तळाचा उतार बदलला की तिचा स्वभाव बदलतो.

सकाळी साडेसहाला कयाक वाळूवर आणली, पण पाण्याच्या बरीच मागे ठेवली. आधी सामान. दोन्ही रॉड आतल्या कप्प्यात, आडवे. गळ काढून डबीत. मागचा क्रेट चारही कोपऱ्यांनी बांधलेला, पाण्याची बाटलीसुद्धा आत. कयाक उलटणारच आहे असं धरून बांधायचं. उलटल्यावर काय काय हरवेल, काय काय आपल्याला टोचेल, हे स्वतःला विचारायचं आणि ते आत टाकायचं. वल्ह्याची दोरी मी लाटांच्या पट्ट्यात लावत नाही, फेसात उलटेपालटे होताना ती पायाला गुंडाळते. पलीकडे गेल्यावर लावतो. अंगावर लाइफ जॅकेट, खांद्याशी शिट्टी, छातीशी छोटी सुरी, जलरोधक पिशवीत फोन, त्यात तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक साठवलेला. आदल्या संध्याकाळी पोलीस ठाण्यात आमची नावं, कयाकचा रंग आणि परतायची वेळ सांगून आलो होतो.

मग बसून राहिलो. आतेभाऊ मोजत होता, मी बघत होतो. लाटा एकसारख्या येत नाहीत. लहान लहान येत राहतात, मग तीन-चार मोठ्या एकामागून एक येतात, आणि त्यानंतर पाणी थोडा वेळ दम घेतं. वीस मिनिटांत असे चार जथे आले. सगळ्यात मोठी लाट तीन फुटांची असेल. दोन लाटांमध्ये साधारण अकरा सेकंद, आणि मोठा जथा गेल्यावर दीडेक मिनिट उसंत. डाव्या हाताला एका जागी लाटा फुटतच नव्हत्या, पाणी जरा काळपट, वर फेसाचे तुकडे समुद्राकडे चाललेले. तो परतीचा ओढा. पोहणाऱ्याला तो घातक, पण कयाकवाल्याला बाहेर पडायला तीच सोपी वाट असते. तिच्या कडेने जायचं ठरवलं.

"दादा, आता चौथी गेली," आतेभाऊ म्हणाला.

मोठ्या जथ्यातली शेवटची लाट फेस होऊन पायाशी आली, तिच्याच पाण्यावर कयाक आत ढकलली. नाक सरळ समुद्राकडे. मी कडेला, आणि कयाकच्या किनाऱ्याकडच्या अंगाला मुळीच नाही. मांडीएवढ्या पाण्यात बसलो, पाय आत घेण्याआधीच दोन वल्ही मारली. इथे थांबायचं नसतं. वेग असेल तर लाटेतून पार होता येतं, वेग नसेल तर लाट आपल्याला मागे घेऊन जाते आणि आडवं करते. आणि आडवं झालं की संपलं. एक घनमीटर समुद्राचं पाणी एका टनाहून थोडं जडच असतं, ते कुशीवर आलं तर आपण आणि कयाक मिळून काहीच नाही.

पहिला लोळ नाकावरून मांडीपर्यंत आला. दुसरी लाट उभी राहताना दिसली. तिच्या माथ्याची कड पातळ होऊन त्यातून आभाळ दिसत होतं, म्हणजे ती आता फुटणार. पुढे रेटलो असतो तर नेमकी डोक्यावर फुटली असती. दोन वल्ही उलटी मारून जागेवर थोपलो, तिला समोर फुटू दिलं, आणि फेस अंगावर यायच्या क्षणी पुढे वाकून जोरात वल्हं घातलं. तोंडात खारट पाणी, डोळे मिटलेले, पण हात थांबले नाहीत. तिसऱ्या लाटेवर कयाक चढली आणि पलीकडे थपकन पडली. त्यानंतर कयाकचं नाक फक्त वर-खाली होत होतं. तरी आणखी शंभर वल्ही मारली. लाटा संपल्या असं वाटतं तिथे मोठ्या जथ्याची पहिली लाट फुटते.

बाहेर मतलई वारा होता. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा हा सकाळचा वारा पाणी गुळगुळीत ठेवतो आणि नकळत आपल्याला आत आत नेतो, म्हणून दर काही मिनिटांनी दोन उंच माड एका रेषेत आहेत ना ते बघत होतो. तीन बांगडे लागले. चौथा हातातून निसटला. मासेमारीचं एवढंच.

सव्वानऊला आवरायला घेतलं. परतीला वेळ लागतो आणि हात दमलेले असतात, म्हणून खारा वारा सुटायच्या आधी निघायचं. पुन्हा सगळं आत, गळ डबीत. जिथे लाट फुटत नाही तिथे, फुटणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर, किनाऱ्याकडे तोंड करून बसलो आणि मान वळवून मागे बघत राहिलो. समोर आतेभाऊ दोन्ही हात आडवे धरून उभा होता, म्हणजे थांब.

मागच्या वर्षी मी इथेच घाई केली होती. लाट पुढे ढकलत नेईल, बरंच होईल, असं वाटलं होतं. पण लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत आली की फुटते. तीन फुटांची लाट चार फूट पाण्यात. कयाक 11 फुटांची. लाटेने शेपूट उचललं की नाक खाली जातं, आणि खाली चारच फूट पाणी असतं. नाक वाळूत रुततं आणि मागचं सगळं डोक्यावरून पुढे येतं. तेव्हा मला हे गणित माहीत नव्हतं. लाटेच्या पुढे नाही, लाटेच्या पाठीवरून यायचं असतं.

मोठा जथा खालून गेला. शेवटची लाट पुढे सरकली आणि आतेभावाने दोन्ही हात वर केले. त्या लाटेच्या पाठीमागे लागलो. ती पुढे फुटत होती, मी तिच्यामागच्या सपाट पाण्यात. अर्ध्या वाटेवर मागून एका लहान लाटेने गाठलंच. शेपूट डावीकडे सरकायला लागलं. अंग मागे टाकलं, वल्हं सुकाणूसारखं मागे धरलं, तरी कयाक आडवी झाली. मग सरावाप्रमाणे लाटेच्या बाजूला कललो. अंग लाटेपासून दूर जायला बघतं, आणि दूर कललं की उलटलंच. वल्ह्याचं पातं फेसावर दाबून धरलं आणि तशीच आडवी कयाक घसरत घसरत गुडघाभर पाण्यात आली. समुद्राकडच्या बाजूने पाय खाली टाकला. आतेभावाने नाकाचा कडा धरला, मी मागचा, आणि पुढची लाट यायच्या आत वर ओढली.

काका रापणीचा दोर गुंडाळत होते. त्यांनी तीन बांगडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "एकदा पाठ दाखवलंस," म्हणाले. "दर्याक पाठ दाखवू नको." शेवटच्या पन्नास पावलांत मी मागे बघणं सोडलं होतं, हे त्यांनी किनाऱ्यावरून टिपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आतेभावाची पाळी होती. रात्रीच हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्राचा अंदाज बघितला होता, त्यात लाटांची दिशा वायव्य दाखवत होते. हिवाळ्यात अरबस्तानाकडे शमाल नावाचे वारे सुटतात, त्यांच्या लाटा समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला येतात. सकाळी वाळूवर बसलो तेव्हा दोन फुटांच्याच होत्या, कालच्यापेक्षा लहान. पण तिरक्या, आणि सहा-सात सेकंदाला एक. आतेभाऊ मोजत राहिला. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. उसंत काही सापडेना. लाटेवर लाट चढत होती.

"दादा, नको," तो म्हणाला.

नऊशे किलोमीटर आणलेली कयाक आम्ही दोघांनी उचलली, माडांमधल्या पायवाटेने पलीकडे नेली आणि खाडीत सोडली. तो पहिल्यांदाच खाऱ्या पाण्यात बसत होता. दुपारपर्यंत त्याला एक तांबोशी लागली, तळहाताएवढी. हळूच गळ सोडवून त्याने ती परत पाण्यात सोडली.