किल्ल्या देण्याआधी: एडिसनच्या घरातून आरव्हीत

घर सोडून आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरात, कायम राहायला निघालात तर पहिला प्रवास नव्या पत्त्यासाठी: न्यू जर्सीतलं एडिसन ते साउथ डकोटातलं बॉक्स एल्डर. सुमारे १७०० मैल, दिवसाला ३०० मैल धरले तर वाटेत पाच मुक्काम. रस्ता सरळ आहे, बहुतेक सगळा आंतरराज्य महामार्गच. खरी दमछाक निघण्याआधीच्या वर्षात होते, म्हणून इथे रस्ता कमी आणि आवराआवर जास्त.

घर विकून आलेल्या पैशांत आरव्ही घेऊ, असा बेत बहुतेकांच्या डोक्यात असतो. पूर्ण पैसे रोख मोजणार असाल तर ठीक. कर्ज काढायचं असेल तर पक्कं घर आहे तोवरच काढा, कारण आरव्हीतच कायम राहणाऱ्यांना अनेक बँका दारातूनच परत पाठवतात. विमा घेताना मात्र 'कायम राहणार' हे स्पष्ट सांगायचं. सुटीपुरत्या वापराची पॉलिसी स्वस्त पडते खरी, पण दाव्याच्या वेळी तीच अंगाशी येते.

घर विकायचं की भाड्याने द्यायचं, यात एक तारीख सांभाळायची असते. विक्रीआधीच्या ५ वर्षांतली किमान २ वर्षं त्या घरात स्वतः राहिलेलं असेल, तर एकट्याला अडीच लाख आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या नवरा-बायकोला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त ठरतो. म्हणजे भाड्याने दिलंत तर साधारण ३ वर्षांत निर्णय घ्यावा लागतो. 'बघू पुढे' म्हणत चौथं वर्ष उजाडलं की ही सवलत गेली.

आपल्या लोकांसाठी आणखी एक मुद्दा. एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, असेल तर हा बेत ग्रीन कार्डनंतरच करावा. त्या व्हिसावर कामाची जागा अर्जात नोंदलेली असते. घरून काम करत असाल तर ते घरच कामाची जागा ठरतं, आणि महानगर क्षेत्र कायमचं बदललं तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो. दर महिन्याला नवं राज्य यात बसत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ हा अर्ज भरावा लागतो.

आता वजन. निम्म्या चुका इथेच होतात. समजा फिफ्थ व्हीलच्या (ट्रकच्या पाठीवर जोडून ओढायच्या मोठ्या ट्रेलरच्या) स्टिकरवर सामानाची क्षमता २८०० पौंड लिहिली आहे. ऐकायला भरपूर वाटतं. पण पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ६० गॅलनची टाकी भरली की ५०० गेले. सहा व्होल्टच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्या जादा बसवल्या तर आणखी २६०. राहिले २०४०. त्यात कपडे, भांडी, हत्यारं, खुर्च्या, नळ्या, पुस्तकं. पाटा-वरवंटा आणि ओला ग्राइंडर नातेवाइकांकडे गेलेले बरे. डाळी-तांदळाचे स्टीलचे डबेही नकोत. पातळ प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे घ्या.

दुसरी बाजू ट्रकची. फिफ्थ व्हीलच्या भरलेल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. १४,००० पौंडांच्या गाडीचे २८००, हिचचे (जोडणीच्या सांध्याचे) २००, दोन माणसं आणि किरकोळ सामान ३००: झाले ३३००. चालकाच्या दाराच्या खांबावरचा पिवळा स्टिकर वाचा. त्यावरचा माणसं आणि सामान मिळून चालणाऱ्या वजनाचा आकडा याहून कमी असेल तर 'ट्रक सहज ओढतो' या विक्रेत्याच्या बोलण्याला अर्थ नाही. ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं. सामान भरून झालं की ट्रक-स्टॉपच्या काट्यावर दोनदा वजन करा, एकदा जोडून आणि एकदा नुसत्या ट्रकचं. दोन्ही पावत्यांच्या वजाबाकीतून सगळा हिशेब निघतो.

यानंतर किमान दहा दिवस जवळच्याच कॅम्पग्राउंडवर मुक्काम करायचा, घरी आंघोळीलासुद्धा न जाता. नव्या गाडीत दोष असतातच, आणि ते विक्रेता हाकेच्या अंतरावर असताना सापडलेले चांगले. भिंतीतून बाहेर सरकणारा भाग तिरका चालतो का, रात्री फर्नेस सुरू राहते का, पाऊस पडल्यावर कपाटाचा वरचा कोपरा ओलसर लागतो का, हे सगळं याच दिवसांत पाहायचं. छताचे सांधे पुढेही दर तीन महिन्यांनी तपासा. भेग दिसली तर छताच्या आवरणाला चालणारं, आपोआप पसरणारं सीलंट भरा. सिलिकोन लावू नका, त्यावर नंतर काहीच चिकटत नाही. गळतीने आतलं लाकूड कुजतं, आणि ते कळेपर्यंत फरशी दबायला लागलेली असते.

पिण्याची टाकीही याच मुक्कामात धुऊन घ्यायची. दर १५ गॅलनला पाव कप बिनवासाचा ब्लीच टाकायचा, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. पाणी तापवणारी टाकी आधी बायपास करायची.

स्वयंपाकघर म्हणजे आपली खरी परीक्षा. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी १५, इंडक्शन १५ आणि विजेवरचं गरम पाणी १२ ओढतं. बेरीज ४२, म्हणजे ब्रेकर पडणारच. कुकर लावताना गरम पाण्याची कळ बंद करण्याची सवय लागली की भांडण मिटतं. शक्य असेल तर ५० अँपिअरची गाडी घ्या. गॅसवर शिजवलं तर एक किलो प्रोपेन जळून दीड किलोहून जास्त, जवळजवळ १.६ किलो, पाण्याची वाफ होते. थंडीत ती खिडक्यांवर आणि गादीखाली जमते, म्हणून छताची झडप उघडी हवी. मोहरीची फोडणी आणि तळण बाहेरच्या शेगडीवर करावं. आत केलं तर धुराचा अलार्म वाजतो, तो बंद करता येतो; पडद्यांना बसलेला हिंगाचा वास मात्र उतरत नाही.

काळ्या टाकीचा (शौचालयाच्या मैल्याच्या) झडप-दांडा कायम उघडा ठेवू नये. पाणी निघून जातं, मैला तळाशी थापला जातो आणि त्याचा डोंगर होतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी काळी सोडायची, मग राखाडी (सिंक आणि आंघोळीच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. पाण्याने धुण्याची आपली सवय या टाकीला मानवते, फक्त ती लवकर भरते. राखाडी टाकीत तेल आणि भाताची पेज ओतली तर चौथ्या दिवशी सगळ्यांना कळतं. ताटं आधी कागदाने पुसा.

निघताना नकाशा मोटारीचा वापरू नका. न्यू यॉर्ककडच्या पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे, पूलही ठेंगणे आहेत. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून १० पौंडांहून मोठं प्रोपेनचं सिलिंडर नेता येत नाही. पश्चिमेला निघाल्यावर हे प्रश्न संपतात आणि वारा सुरू होतो. साउथ डकोटात आय-९० वर ताशी ८० मैलांची पाटी दिसेल, पण अनेक ट्रेलर टायर ६५ मैलांपुरतेच असतात. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सात वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदला.

बॉक्स एल्डरला जायचं ते पत्त्यासाठी. साउथ डकोटात राज्याचा आयकर नाही, आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थेचा पत्ता घेऊन इथे गाडी चालवण्याचा परवाना काढता येतो. टेक्सास आणि फ्लोरिडा हे दुसरे दोन पर्याय. त्या संस्थेला तुमचं टपाल घेता यावं म्हणून टपालखात्याचा १५८३ क्रमांकाचा अर्ज ओळखपत्रांसह आधीच भरावा लागतो. काही बँका हा पत्ता 'राहण्याचा' म्हणून घेत नाहीत, म्हणून बँकेची कामं घर हातात असतानाच उरकायची. मतदानाचे नियम परवान्यापेक्षा कडक आहेत, ते वेगळे वाचा. परवान्यासाठी राज्यात एक रात्र राहिल्याची गेल्या वर्षभरातली पावती लागते. कॅम्पग्राउंडवर ती घेताना दोघांचीही नावं लिहून घ्या, पासपोर्टवर आहेत तशीच. बहुतेक ठिकाणी पावतीवर आरक्षण करणाऱ्याचंच नाव येतं, आणि मग दुसऱ्याला आणखी एक रात्र काढावी लागते.