दिवाळीपर्यंत शिव्या नाहीत

ऑगस्ट लागला की आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरात दोन गडबडी सुरू होतात. एक गोविंदा पथकांची प्रॅक्टिस, आणि दुसरी म्हणजे मंडळाच्या ऑफिसच्या माळ्यावरून प्रोजेक्टर खाली काढायची. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचा नवीन सीझन सुरू होतो तेव्हा लिव्हरपूलची पहिली मॅच आम्ही सगळे एकत्र बघतो, कोविडची दोन वर्षं सोडली तर हा कार्यक्रम कधी चुकलेला नाही, आणि मला विचाराल तर गणपतीइतकीच मी या संध्याकाळची वाट बघतो.

सुरुवात झाली २००५ च्या मे महिन्यात, आमच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या घरी. काका वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते, तरुणपणी गोविंदा पथकात तिसऱ्या थराला उभे राहायचे. लिव्हरपूल आणि मिलानची इस्तंबूलमधली चॅम्पियन्स लीगची फायनल, रात्री सव्वाबाराला सुरू झालेली, हाफटाइमला मिलान ३-० ने पुढे, तेव्हा आमच्यातले निम्मे जण सकाळी कामाला जायचंय म्हणून उठून गेले. जे बसले त्यांनी सहा मिनिटांत तीन गोल फिटताना बघितले आणि मग पेनल्टीवर कप. काकूंनी पहाटे तीनला शिरा केला होता. पुढच्या वर्षी काका म्हणाले की घरात मावत नाही, मंडळाच्या ऑफिसात करू, आणि झालं सुरू.

पहिली काही वर्षं नुसतंच मॅच बघणं आणि वडे खाणं असायचं. २०१० ला रॉय हॉजसन नवीन मॅनेजर म्हणून आला, पहिली मॅच आर्सेनलशी नेमकी १५ ऑगस्टला, सकाळी झेंडावंदन केलेली पोरं त्याच पांढऱ्या कपड्यांत संध्याकाळी मॅचला, आणि ९० व्या मिनिटाला आपल्याच गोलकीपरकडून गोल होऊन १-१. जानेवारीत हॉजसन गेलासुद्धा. त्या वर्षाबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

डबा आला २०१२ ला, ब्रेंडन रॉजर्सच्या वेळी. बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा, झाकण इतकं घट्ट की चमच्याची दांडी घालून उचकटावं लागतं. मंडळाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकातल्या मागच्या वर्षीच्या उरलेल्या पावत्या असतात ना, त्यांची मागची कोरी बाजू घ्यायची आणि त्यावर लिहायचं की यंदा आपला क्लब कितवा येणार, खाली सही. पुढे गणपतीचा फोटो आणि ‘सप्रेम धन्यवाद’, मागे ‘चौथा, जास्तीत जास्त’. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी चिठ्ठी डब्यात टाकायची आणि डबा थेट मे महिन्यात, शेवटची मॅच संपल्यावर उघडायचा. ज्याचं बरोबर येईल त्याला सगळ्यांकडून मामलेदारची मिसळ.

तर २०१२ च्या चिठ्ठ्या फार मोठ्या मनाने लिहिल्या होत्या सगळ्यांनी, नवीन तरुण मॅनेजर, पासिंगचा गेम, आता बघा काय होतं. पहिल्याच मॅचला वेस्ट ब्रॉमने ३-० ने हरवलं. वड्यांची परात तशीच राहिली. मग पहिल्या पाच लीग मॅचमध्ये एकही विजय नाही, पाचवी तर मँचेस्टर युनायटेडशी आणि तीही गणपतीत, आरती आटपून सगळे मंडपाच्या मागे मॅचला बसलेले, २-१ ने हरल्यावर जी काही भांडणं झाली, एक जण म्हणाला याला आजच काढा, दुसरा म्हणाला काढायचा होता तर आणला कशाला, आणि आवाज एवढा चढला की मंडपातल्या बायका मागे बघायला आल्या. तेव्हा काका उठले आणि म्हणाले, ‘हे बघा, नवीन सुनेलासुद्धा घरातली भांडी कुठे आहेत ते कळायला दोन महिने लागतात. दिवाळीपर्यंत मॅनेजरला कोणी शिव्या द्यायच्या नाहीत. दिवाळीनंतर काय ते बोला.’ बाप्पासमोर बोलले म्हणून असेल, सगळ्यांनी ऐकलं. पुढच्याच शनिवारी अनंत चतुर्दशी, आम्ही विसर्जनाच्या मिरवणुकीत, ढोल इतके जोरात की फोन लागला तरी ऐकू येईना, आणि एका पोराने मोबाईलचा स्क्रीन माझ्या डोळ्यांसमोर धरला, नॉर्विच २ लिव्हरपूल ५, सुआरेझची हॅटट्रिक. गुलालाने माखलेल्या त्या स्क्रीनवरचा स्कोअर मी अजून विसरलेलो नाही. सीझनला सातवे आलो, मिसळ कोणालाच मिळाली नाही, पण नियम कायम झाला. पुढच्याच सीझनला १०१ गोल मारूनसुद्धा दोन पॉइंटने लीग गेली, त्यावर मंडळात आजही कोणी बोलत नाही, मीही इथे लिहीत नाही.

मग २०१५. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रॉजर्सला काढलं आणि आठ तारखेला युर्गेन क्लॉप आला. सीझन मध्येच होता, तरी सेक्रेटरी म्हणाले मॅनेजर नवीन म्हणजे डबा नवीन, आणि जुन्या चिठ्ठ्या पाकिटात बंद करून ठेवल्या. क्लॉप पहिल्याच दिवशी बोलला होता की शंका घेणाऱ्यांचे आता विश्वास ठेवणारे व्हायला पाहिजे, आणि चार वर्षांनी मी इथे असेन तर तोवर एक तरी ट्रॉफी आलेली असेल असं वाटतं. ते वाक्य काकांना भयंकर आवडलं, कारण त्यात तारीख होती. त्यांचं म्हणणं, जो माणूस मुदत सांगतो त्याच्याशी व्यवहार करता येतो. पहिली मॅच टॉटनहॅमशी, नवरात्रातला शनिवार, संध्याकाळी सव्वापाचला, बायकामंडळी साड्या नेसून तयार, मॅच संपली की टेंभी नाक्याच्या देवीला जायचं ठरलेलं. ०-० झाली. पण आमची पोरं मैदानात जी पळत होती, बॉल गेला की तिघं तिघं त्याच्यामागे, ते बघून ०-० ला टाळ्या वाजवणारं मंडळ मी पहिल्यांदा बघितलं. देवीच्या रांगेत दीड तास आम्ही तेवढंच बोलत होतो.

आणि मग ती क्रिस्टल पॅलेसची मॅच, ८ नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. ८२ व्या मिनिटाला पॅलेसने दुसरा गोल मारला आणि आमच्यातले बरेच जण उठले, कोणाला कंदील लावायचा होता, कोणाला रांगोळीचे रंग आणायचे होते, मीसुद्धा चपला घालून दारात पोहोचलो होतो. दुसऱ्या दिवशी वाचलं की लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवरही तेच झालं होतं, गोल पडला तशी माणसं उठून निघाली, आणि क्लॉप म्हणाला की त्या वेळी मला एकटं वाटलं. हे वाचून मला खरंच फार वाईट वाटलं हो. माणूस परक्या देशात येऊन महिना झालाय, आणि आपण ठाण्यातून त्याच्यावर विश्वास ठेवायच्या चिठ्ठ्या लिहून कंदिलाचं निमित्त करून उठतोय. काका तर त्या दिवाळीत भेटले तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, ‘इस्तंबूलला कोण कोण उठून गेलं होतं ते माझ्या लक्षात आहे.’ तेव्हापासून शिट्टी वाजेपर्यंत आमच्याकडे कोणी उठत नाही. लहान मुलांनासुद्धा सांगून ठेवलंय.

त्या सीझनला आठवे आलो, लीग कपची आणि युरोपा लीगची फायनल हरलो, २०१८ ला कीव्हला चॅम्पियन्स लीगची फायनल हरलो. या प्रत्येक वेळी पूर्ण ऑफिस शिट्टीपर्यंत बसून होतं. म्हणून ७ मे २०१९ ला चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला बार्सिलोनाविरुद्ध, पहिल्या लेगला, म्हणजे दोनांतल्या आधीच्या मॅचला, ३-० ने मागे असताना, एवढी माणसं रात्री साडेबाराला आली, कोणाला वाटत नव्हतं की काही होईल, तरी आली. ४-० झालं तेव्हा शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन धावत आला की काय झालं, भांडण आहे का. त्याला आत घेतलं आणि चहा दिला. जूनमध्ये माद्रिदला कप आला, क्लॉपच्या मुदतीच्या चार महिने आधी.

३० वर्षांनी लीग आली ती २५ जून २०२० ला, लॉकडाऊनमध्ये. चेल्सीने मँचेस्टर सिटीला हरवलं आणि आम्ही आपापल्या घरात. मी खिडकीत गेलो तर समोरच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर काका स्कार्फ घेऊन उभे होते. हात केला, मीही केला. एवढंच.

आता २०२४ कडे येतो, कारण नवीन मॅनेजरच्या वेळी माणसं कशी वागतात ते मी सगळ्यात जवळून त्या वर्षी बघितलं. जानेवारीत क्लॉपने जाहीर केलं की तो जाणार, आणि मंडळात अक्षरशः सुतक पडलं. मे महिन्यात शेवटच्या मॅचनंतर मैदानात उभं राहून त्याने स्वतः नव्या माणसाच्या नावाचं गाणं म्हटलं, आर्ने स्लॉट, आर्ने स्लॉट, सगळ्या स्टेडियमकडून म्हणून घेतलं. जुना अध्यक्ष स्वतः नव्याच्या गळ्यात हार घालतो ना, तसं. ते बघून आमच्या सेक्रेटरींचे डोळे भरून आले, ते गेली बारा वर्षं सेक्रेटरी आहेत.

पण उन्हाळा गेला आणि कुरकुर सुरू झाली. स्लॉट फेयेनूर्डहून आलेला, इंग्लंडचा अनुभव नाही, खेळाडू कोणी घेतले नाहीत, झुबिमेंडी येतो येतो म्हणत नाही आला, सालाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट तिघांचे करार त्याच वर्षी संपणारे. १७ ऑगस्टला इप्सविचची मॅच, संध्याकाळी पाचला, श्रावणातला शनिवार, म्हणून वडे आणि साबुदाण्याची खिचडी अशी दोन पातेली. चिठ्ठ्या लिहिताना जो तो हात आखडून लिहीत होता. मी लिहिलं, ‘चौथा. त्याहून खाली नको.’ वहिनी म्हणाल्या क्लॉप गेल्यावर मला आता बघवणारच नाही, तरी आल्या होत्या. तेव्हा काका म्हणाले, ‘अगं, क्लॉपने खालचे थर लावून दिलेत. पाया तोच आहे, खांदे तेच आहेत. आता फक्त हाक मारणारा बदलला. नवा हाक मारणारा आला की पथकाला त्याचा आवाज ओळखायला चार-सहा प्रॅक्टिस लागतात, तोवर कोणी हलायचं नाही.’ मला ते इतकं पटलं, कारण आपण मॅनेजर म्हणजे सगळ्यात वरचा गोविंदा समजतो, हंडी फोडणारा, आणि तो तर खाली रस्त्यावर उभा राहून कोणता पाय डगमगतोय ते बघत असतो.

हाफटाइमला ०-० होतं. मग दिओगो जोटाने पहिला गोल मारला, ६० व्या मिनिटाला, सालाहचा पास आणि तो धावत आत. स्लॉटच्या काळातला तो पहिला लीग गोल. पाच मिनिटांनी सालाहचा दुसरा. काकांच्या शेजारी बसलेली सहावीतली मुलगी खिचडीची ताटली हातात घेऊनच नाचली आणि सगळे शेंगदाणे चटईवर.

गणपतीत पुन्हा परीक्षा झाली. १४ सप्टेंबर, घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टने १-० ने हरवलं. आरतीची वेळ, एकाने निरांजन हातात घेऊनच तोंड उघडलं आणि पाच-सहा जण एकदम म्हणाले, ‘दिवाळी!’ तो गप्प बसला. आणि त्या वर्षीची दिवाळी बघा कशी आली, पाडव्याच्या संध्याकाळी, २ नोव्हेंबरला, ब्रायटनविरुद्ध आधी मागे पडलो, मग गाकपो आणि सालाहने तीन मिनिटांत मॅच फिरवली, तिकडे सिटी बोर्नमथला हरली आणि आम्ही टेबलात पहिले. ओवाळणी टाकायची राहिली म्हणून दोघातिघांना घरी बोलणी बसली. ज्या माणसाने नवीन म्हणावा असा एकच मोठा खेळाडू, किएझा, घेतला आणि ग्रावेनबर्कसारख्या बाकावरच्या पोराला मधोमध उभं करून सगळा गेम त्याच्याभोवती बसवला, त्याला शिव्या द्यायची वेळ नियमाने आली तेव्हा द्यायला शिव्याच नव्हत्या. २७ एप्रिलला टॉटनहॅमला ५-१, विसावी लीग, चार मॅच बाकी असताना.

मे महिन्यात डबा उघडला. सत्तावीस चिठ्ठ्या, ‘पहिला’ फक्त तीन. त्यातली एक त्या सहावीतल्या मुलीची, ‘पहिला, कारण अ‍ॅलिसन गोलमध्ये आहे.’ मिसळ तिला तिखट लागली, पण पूर्ण खाल्ली.

जुलैच्या ३ तारखेला जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात गेले. बातमी आल्यापासून ग्रुपवर कोणी काही लिहीत नव्हतं, फक्त इप्सविचच्या त्या गोलचा व्हिडिओ एकाने टाकला.

२०२५ ची पहिली मॅच बोर्नमथशी, १५ ऑगस्टच्या मध्यरात्री साडेबाराला, म्हणजे जन्माष्टमीची रात्र आणि सकाळी दहीहंडी. मॅनेजर तोच, पण आता विर्त्झ आलेला, एकिटिके आलेला, चिठ्ठ्या बघायलाच नको, सगळे पहिला पहिला लिहीत होते, कोणाला विचार करावा लागत नव्हता. काकांनी मात्र दरवर्षीसारखंच नंबर न घालता लिहिलं, ‘दिवाळीपर्यंत शिव्या नाहीत.’ मी म्हटलं काका, आता तो नवीन कुठे राहिला, तर म्हणाले, ‘त्याचा एक पोरगा गेलाय. त्याला हे वर्ष नवीनच आहे.’

विसाव्या मिनिटाला, जोटाच्या जर्सीच्या नंबरला, अ‍ॅनफिल्ड उभं राहिलं आणि आमचं ऑफिसही. बत्तीस माणसं, पंख्याचा आवाज आणि टाळ्या. २-० वरून २-२ झालं, कोणी उठलं नाही, ८८ व्या मिनिटाला किएझाने मारला आणि शेवटी सालाहने चौथा. मॅच संपल्यावर सालाह स्टँडसमोर एकटा उभा राहून टाळ्या वाजवत रडत होता, ते संपेपर्यंतही कोणी उठलं नाही.

अडीच वाजून गेले होते. बाहेर रस्त्यावर हंडीचा दोर आडवा बांधलेला, त्यावर पावसाचे थेंब. सेक्रेटरींनी डब्याचं झाकण तळहाताने दाबून बसवलं आणि डबा मखराच्या सामानामागे ठेवला. काका चपला शोधत पोरांना विचारत होते की सकाळी सात वाजता खालच्या थराला कोण कोण आहे, त्यांनी आता झोपा.