ओठ

रविवार, रात्रीचे साडेअकरा. कूलर चालू आहे, हवा मात्र ओलीच. मृग लागून आठवडा होत आला, पावसाचा पत्ता नाही.

“दादा, तुम्ही मोजून राहिले का?”

काल साल्सा नाचताना, म्हणजे जोडीने करायच्या त्या लॅटिन नाचात, समोरची एवढंच बोलली. गाणं संपायला आलं होतं. हसत बोलली, मनात काही नव्हतं तिच्या. तुमचे ओठ हलतात म्हणे. मीही हसलो. मग पुढची दोन गाणी भिंतीला टेकून पाणी पीत बसलो, तहान नसताना.

सात वर्षं झाली या साल्सापायी. सात वर्षांत कोणी बोललं नाही याचे दोनच अर्थ होतात. एक तर ओठ आत्ताआत्ता हलायला लागले, नाहीतर सगळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले. दुसरंच खरं असणार. म्हणजे दर शनिवारी मी रुबाबात हात पुढे करत होतो आणि समोरची प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे पाहत मनात म्हणत होती, आता पाच आला, आता सहा. आमच्या हिने तरी सांगायचं होतं, तेव्हा येत होती तर. जाऊ दे.

मोजणं काही पाप नाही. शिकवतातच तसं. आठचा घेर, त्यात पावलं सहा. एक दोन तीन, पाच सहा सात. चारवर आणि आठवर पाऊल नाही. नवशिक्याचं सगळं दुखणं त्या चारात असतं. त्याला वाटतं ती रिकामी जागा आहे, थांबायचं कशाला, म्हणून तो पाच लवकर टाकतो. समोरचीचं वजन अजून तीनच्या पायावर असतं आणि हिसका बसतो तिच्या खांद्याला. खरं म्हणजे चारवर काम चालूच असतं. तीनवर टाकलेल्या पायावर वजन चारपर्यंत पुरं जातं, तेव्हा कुठे दुसरा पाय मोकळा होतो. आणि वाद्यांत तर तिथेच गर्दी. कोंगा म्हणजे हातांनी वाजवायचा उंच ढोल. कोंगावाला दोनवर चापट मारतो आणि चारवर दोन उघडे बोल काढतो, टुम-टुम. सहा आणि आठवर पुन्हा तेच. आपण जिथे पाऊल टाकत नाही तिथे कोंगा बोलतो. हे कानात बसलं की मोजावं लागत नाही, असं मीच नव्या पोरांना सांगतो. सांगतो! ओठ हलवत सांगत असेन.

दुपारभर विचार केला की ओठ हलल्याने बिघडतं काय. बिघडतं. तिला उजवीकडे फिरवायचं असेल तर तिचं फिरणं पाच-सहा-सातमध्ये, पण माझा डावा हात वर जायला हवा तीनवर. तोंड म्हणत असतं तीन, आणि हात वाट पाहतो तोंडाने पाच म्हणायची. पाच म्हटलं, हात उचलला, तोवर तिचा पाय पडून गेलेला. मग ती बिचारी उरलेल्या दोन पावलांत अख्खा फेरा मारते, आणि लोक म्हणतात तिचा तोल जातो. क्रॉस बॉडीतही, म्हणजे तिला आपल्यासमोरून पलीकडे न्यायचं असतं तेव्हाही, तसंच. एकवर डावा पाय पुढे, दोन-तीनमध्ये डावीकडे पाव वळण घेऊन तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं. पाचला तिला रस्ता मोकळा दिसला पाहिजे. मोजणारा माणूस चारपर्यंत वाटेतच उभा असतो, ई-रिक्षा चौकात उभी राहते तसा.

दुसरं म्हणजे श्वास. आकडा म्हणताना श्वास अडतो, खांदे वर जातात, आणि सगळ्यात शेवटी अंगठा मिटतो. हा अंगठा फार वाईट. हात तिच्या बोटांना नुसता हुकासारखा लागला पाहिजे, अंगठा उघडा. अंगठा दाबला की फिरताना तिचं मनगट पिळतं. काल माझा अंगठा मिटलेला होता का, ते आठवत नाही. ओठांवरून विचारलं म्हणजे अंगठ्याचंही कळलं असेल.

दोष फरशीवर ढकलायलाही जागा आहे थोडी. हॉलमध्ये दोन मोठे कूलर दारात लावतात, जूनमध्ये दुसरा इलाज नाही. पण कूलरच्या हवेने फरशी दमट होते, आणि नाचाच्या बुटांचा तळ असतो उलट्या चामड्याचा, स्वेड. तो दमट झाला, वर धूळ बसली, की काळा चकचकीत होतो, मग कधी चिकटतो, कधी एकदम सरकतो. तारेच्या ब्रशने एकाच दिशेने घासायचा, तंतू उभे राहीपर्यंत, आणि ब्रश पिशवीत ठेवायचा. मधल्या वेळात पाणी भरायला बाहेर गेलो तर बूट काढून जायचं. टाल्कम पावडर टाकणारे महाभाग आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवावं. एकासाठी सोय, बाकी दहा जण घसरतात. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालून येतात त्यांचं वेगळंच. पाय फरशीला धरून बसतो, अंग फिरतं, आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. काल माझे बूट घासलेले होते. म्हणजे फरशीचा दोष नाही. ओठच.

घरी येताना स्कूटरवर आणखी एक कळलं. नागपुरातल्या शंकर नगर चौकातला सिग्नल उलटा मोजत होता आणि मी त्याच्याबरोबर. लाल आकडे उतरतायत, सात सहा पाच, आणि हेल्मेटच्या आत माझे ओठ चालू. मग सिमेंट रोड. आपल्याकडच्या सिमेंट रोडला स्लॅबचे सांधे असतात, प्रत्येक सांध्यावर चाक आपटतं. साडेचार मीटरचा एक स्लॅब धरला तर ताशी चाळीसला मिनिटाला १४८ ठोके पडतात. पन्नासला १८५. साल्साची बहुतेक गाणी मिनिटाला १६० ते २२० ठोक्यांत बसतात, म्हणजे मी रोज घरी नाचतच येतो. आणि पुढचं चाक आपटलं की लगेच मागचं, टुम-टुम, कोंग्याचा चार. फरक इतकाच की रस्त्याला प्रत्येक आकडा चार आहे. ते मोजता मोजता वळण चुकलं. मागून एक जण ओरडला, “काहून बे, झोपला का?”

मेट्रोतही हेच होत असेल. सीताबर्डीला गाडी बदलताना सरकत्या जिन्याच्या पायऱ्या मी मोजतो हे मला माहीत आहे. ते नाचामुळे नाही, आधीपासूनचं आहे.

बाबांचा केरवा ताल आठवला मग. धागेनाती नाकेधीना. आठ मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर काल, म्हणजे खाली. आणि ऑन वन, म्हणजे एकवर दिशा बदलत नाचणाऱ्याचा पाय एकला पुढे जातो, पाचला मागे. सम आणि काल, अगदी तीच घरं. सात वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आज आलं, ते बेसिन घासताना. बाबा पाटावर बसून बोटांनी वाजवायचे तेव्हा त्यांचेही ओठ हलायचे. आम्हाला कधी वाटलं नाही की त्यांना येत नाही. तबलजी बोल तोंडाने म्हणतो, कथकवाली तर माइकसमोर उभी राहून पढंत करते, हाताने टाळी-काल दाखवत, आणि लोक वाहवा करतात. नाचण्याआधी म्हणून दाखवलं की ती विद्या, आणि मी ओठातल्या ओठात म्हटलं की “दादा, मोजून राहिले का?”

म्हणजे मी पढंत करत होतो! असं शनिवारी म्हणावं का? नको. आणखी हसतील.

न्यूयॉर्कच्या एडी टॉरेसने ऑन टू, म्हणजे दोनवर दिशा बदलत नाचणं, शिकवून जगभर पसरवलं. तोही आधी नुसता ऐकून, पाहून नाचायचा. जून लाबर्टा नावाच्या बॉलरूमच्या शिक्षिकेने त्याला मात्रा मोजायला, समजून घ्यायला लावलं. आकडे नाचानंतर आले, आमच्या वर्गात ते आधी येतात. गरब्यात ही भानगडच नाही. तीन टाळीला हात स्वतःच मोजतात, ओठांना काम उरत नाही. बचाटा या दुसऱ्या लॅटिन नाचातही तीन पावलं आणि चौथ्याला नुसता टॅप, कंबर सांगते कुठे आहोत ते. साल्सातच चारला अंगाचा एकही भाग वाजत नाही, म्हणून तोंड पुढे येतं. आपलं काही राहून जाईल अशी भीती असलेल्या माणसाचं तर येतंच येतं.

आणि वरातीत? मे महिन्यात भाचीच्या लग्नात संदलचे ढोल वाजले तेव्हा मी तासभर नाचलो, रस्त्यावर, चपलांत, डांबर पाघळलेलं. व्हिडिओ आहे. आत्ता परत पाहिला, फक्त तोंडाकडे बघत, तीनदा. ओठ हलत नाहीत. तोंड उघडं आहे, सरळ उघडं, उन्हात कावळ्याचं असतं तसं. त्यापेक्षा मोजलेलं बरं दिसतं.

उपाय करून पाहिला. दाढेत लवंग धरायची आणि ओठ मिटून बेसिक करायचं, आरशासमोर, गाणं १७० चं. पहिले चार घेर जमले. पाचव्यात जबडा हलायला लागला. जबडा दाबून धरला तर मान पुढे गेली आणि खांदे वर. मग आकडे सोडून टुम-टुमवर कान लावला, चारवर आणि आठवर, तेव्हा खांदे उतरले. अंगठा उघडा राहिला. ओठ तर अजिबात हलले नाहीत, आरशात नीट पाहिलं. पण जीभ आतमध्ये चालूच होती, लवंगेला ढकलत, एक दोन तीन, पाच सहा सात. बाहेरून दिसत नाही. गालाला थोडासा फुगवटा येतो, उजव्या बाजूला.

आई पाण्याला उठली होती, दारात थांबून पाहत होती. कधीपासून, कोण जाणे.

“दाढ दुखून राहिली का रे?”